दक्षिणेचा वारा आणि मार्चेलची बरणी

बिशेंता कुणावर ओरडल्याचं मी शेजारीण असूनही कधी ऐकलं नाही. ती राग गिळत नाही, मुरवते. आणि मुरवण्यात आमच्या बास्तानच्या खोऱ्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, मग ती मिरची असो नाहीतर गांजा.

नवरा गेल्यापासून घराचा माळा ती आणि तिचा धाकटा दीर मार्चेल दोघं वापरत. मार्चेल परसात झाडं लावायचा, फुलं तयार झाली की फांद्या तोडून माळ्यावर आणून टाकायचा आणि सफरचंदाची दारू प्यायला निघून जायचा. पुढचं सगळं बिशेंताचं. फांद्या उलट्या टांगायच्या, बाहेरचं धुकं बघून खिडकी किती उघडायची ते ठरवायचं, पानं कातरताना बोटांना चिकटलेली काळी राळ तेल लावून काढायची, कळ्या बरण्यांत भरायच्या आणि रोज झाकण काढून त्यांना वारा द्यायचा. मग मार्चेल यायचा, चांगली बरणी उचलायचा आणि गांजा पिकवणाऱ्यांच्या क्लबात दरवर्षी होणारी चाखणीची स्पर्धा जिंकायचा. जिंकणाऱ्याला मोठी काळी गोल टोपी मिळते, वर त्याचं नाव भरतकामानं काढलेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी टोपी घालून तो क्लबात जेवायला बसला होता. बिशेंता राजमा वाढत होती. कुणीतरी विचारलं, एवढं चांगलं मुरतं कसं?

"हात लागतो, बाबा. तो उपजतच असावा लागतो," मार्चेल म्हणाला.

"आणि वहिनी काय करते?" मी मुद्दाम विचारलं.

"वहिनी कात्री चालवते की. कोंबडीची पिसं उपटायलाही बाई लागतेच."

सगळे हसले. मला तर राजम्याचं पातेलं त्याच्या टोपीवर उपडं करावंसं वाटलं. बिशेंतानं मात्र त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. घरी जाताना ती मला म्हणाली, "ग्राशी, हे माझ्या हातचं आहे, हे या लोकांना कळलं पाहिजे. आणि त्याच्याच तोंडून."

"तो मेला तरी सांगायचा नाही."

"बघू."

या वर्षी तिनं बोटं दुखतात म्हणून हात वर केले. "तुझं तू बघ बाबा, मार्चेल. तुझा हात उपजत आहे." मार्चेलनं फांद्या टांगल्या आणि खिडकी उघडायला विसरला. बाहेर नुसती रिमझिम, माळ्यावर ओल.

मग दक्षिणेचा वारा सुटला. या गरम वाऱ्यानं आमच्याकडे माणसांची डोकी फिरतात आणि दोरीवरचे कपडे पापडासारखे कडक होतात. मार्चेलनं एक फांदी वाकवली, ती तडकन मोडली. फांदी मोडली की माल वाळला, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण या वाऱ्यात ते खरं नसतं. हा वारा वरवर वाळवतो, कळीच्या पोटात ओल तशीच राहते. वारा पडेपर्यंत थांबावं लागतं. बिशेंता दरवर्षी थांबायची, पण ते बघायला मार्चेल माळ्यावर असायचा कुठे?

आम्ही दोघी अक्रोड फोडत बसलो होतो, तेवढ्यात तो मोडकी फांदी घेऊन आला.

"वहिनी, मोडली बघ. भरू का बरणीत?"

"मोडली ना? मग भर."

"आणि झाकण?"

"घट्ट लाव. नाहीतर वास उडून जाईल."

तो उड्या मारत गेला. बिशेंतानं पुढचा अक्रोड उचलला. मला, खरं सांगते, भारी आनंद झाला.

चाखणीच्या दिवशी मार्चेल गेल्या वर्षीची टोपी घालूनच आला. पंच होती इचासो. तिनं त्याच्या बरणीचं झाकण काढलं आणि खुर्ची मागे सरकवली. गोठ्यात मूत तुंबल्यावर येतो तसा वास आमच्या टेबलापर्यंत आला. कळ्यांवर पांढरी बुरशी धरली होती.

"मार्चेल, हे मुरवलंस की पुरलंस?" कुणीतरी विचारलं, आणि अख्खा क्लब हसला.

मार्चेल लालबुंद झाला. बिशेंताकडे बोट करून म्हणाला, "हिनं केलं हे. हिनंच सांगितलं, भर म्हणून. झाकण घट्ट लाव म्हणून."

"इतकी वर्षं तू जिंकतोयस," इचासो म्हणाली. "तुला हिला विचारायची काय गरज पडली?"

"दरवर्षी हीच करते सगळं. कधी भरायचं ते मला काय ठाऊक?"

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. माणसं एकदा त्याच्या टोपीकडे आणि एकदा बिशेंताकडे बघू लागली.

बिशेंतानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"जरा मोठ्यानं सांग, मार्चेल," ती म्हणाली. "मागच्या टेबलाला ऐकू गेलं नाही."