नवापूरला तुटलेला स्टड

आत्याचा जीव वडिलांसाठी अडकला होता. व्याऱ्याहून निरोप आला आणि मी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर निजवून कोरीटहून निघालो. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना बसवत नाही, म्हणून बस आणि रेल्वे दोन्ही बाद. नवापूरजवळ इंजिन तापलं. पाण्याचा पाइप इंजिनला जोडलेला असतो तिथून गळत होतं. वाटलं, नट आवळला की झालं. पान्याला लोखंडी नळी लावून मी सगळा जोर काढला आणि नटाखालचा स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेला आट्यांचा दांडा, कट्‌कन तुटला. त्याचं बूड इंजिनातच राहिलं.

लग्नाची तिथी होती. गावात एकही भाड्याची गाडी मोकळी नव्हती. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. ‘उठा’, ‘लढा’ वाचतच मी मोठा झालो. थांबणारा माणूस मला भित्रा वाटे. घरच्या देवीपुढे, कानुबाईपुढेही मी हात जोडायचो ते हक्क मागितल्यासारखे. त्या दुपारी तर मी तिच्यावर मनातून ओरडतच होतो.

ढकलत गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी तुटक्या बुडावर एक नट वेल्डिंगने चिकटवला. तो लाल असतानाच त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपलं. मी पाना उचलला, तसे ते म्हणाले, “हात नको लावजो, भाऊ. थंडा होऊ दे. जोर करशी तर परत तुटी. मी नमाज पढी येस.”

“येनी जोर करा म्हनीसन तं तुटना!” मागच्या सीटवरून वडील म्हणाले. चाचा हसत निघून गेले.

मला संताप आला. तिकडे माणूस जातंय आणि हे नमाजाला जातात! पाना पुन्हा हातात घेतला, नटाला लावलासुद्धा. मागे वडील डोळे मिटून कानुबाईचं नाव घेत होते. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, आणि बहीण तर त्यांची होती. माझ्या हातातला जोर कसा ओसरला, मला सांगता येणार नाही. मी पाना खाली ठेवला, त्यांच्या पायांशी बसलो आणि काही न मागता तेच नाव घेऊ लागलो.

चाचा परतले. त्यांनी नट आधी केसभर घट्ट केला, मग उलटा फिरवला. बूड अलगद निघून आलं. नवा स्टड बसला, पाणी भरलं, एक थेंब गळला नाही. मला रडू फुटलं.

दिवेलागणीला आम्ही पोहोचलो. आत्या शुद्धीत होती. वडिलांचा चेहरा चाचपत ती रागावली, “इतला उशीर कसाले कया रे?” वडील तिच्या शेजारीच आडवे झाले आणि दोघं लहानपणीचं काहीबाही बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

अन्यायाशी मी आजही भांडतो, भांडणारच. पण त्या अर्ध्या तासात कानुबाई आईने माझ्या हातून पाना खाली ठेववून घेतला, एवढं मी मानतो. तिचे आणि चाचांचे उपकार फिटायचे नाहीत.