अंडीवालीचा हळू आवाज

आमच्या मि-रानचे बाबा, म्हणजे माझे हे, आयुष्यभर आवाज मोजणाऱ्या एका काट्याकडे बघत आले. कोरियातल्या देगू शहराच्या बाजारामागे आमचं एका खोलीचं दुकान आहे. पुढे माझं कपडे दुरुस्तीचं मशीन, मागे पडद्याआड ह्यांचं रेकॉर्डिंग. टेम्पोवरून बटाटे, मासे, झाडू विकणारे येतात, आपली हाक कॅसेटवर भरून नेतात आणि दिवसभर भोंग्यावर वाजवतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेत. नवीन माणसाला वाटतं, आमचा कोंबड्यांचा धंदा आहे.

ह्यांचा नियम एकच. काटा लाल पट्टीत जाता कामा नये. मशीनचं छत बुटकं असतं म्हणे. आवाज फार मोठा आला की त्याचं डोकं छताला आपटून सपाट होतं आणि तो फाटका ऐकू येतो. नंतर बटण कितीही उतरवा, फाटलेलं ते फाटलेलंच, फक्त हळू ऐकू येतं. म्हणून आधीच आवाजाच्या डोक्यावर चार बोटं जागा सोडायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला हे समजावलं. त्या आठवड्यात दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही.

एका वर्षी सप्टेंबर संपता संपता पिल-नाम मावशी आल्या. भिंतीवरचे ट्रे त्यांनीच दिलेले. पंचवीस वर्षं नुसत्या तोंडाने ओरडून त्यांनी अंडी विकली. आता घशात गाठी निघाल्या होत्या. सोमवारी ऑपरेशन, आणि पुढे दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, टेम्पो त्या एकट्याच चालवायच्या. हाक बंद पडली असती तर चूलही बंद पडली असती.

"हळू बोला, मावशी," हे म्हणाले.

"हळूच बोलतेय की," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या टेबलावरची बटणं थरथरली.

पंचाईत अशी, की पहिला शब्द त्या तोफेसारखा सोडायच्या आणि दुसरा गिळून टाकायच्या. "अंडी" म्हटलं की काटा पार पलीकडे. त्यासाठी बटण उतरवावं, तर "आली" कॅसेटच्या सरसरीत बुडून जायचं. लांब उभं केलं तर ओरडता ओरडता पुढे सरकायच्या. रस्त्यावर खिडकीखाली सरकायची सवय, ती इथे कशी सुटणार? सतरा वेळा भरलं, सतराही वेळा फाटलं. अठराव्या वेळी आवाजच घोगरा निघाला. आता ऑपरेशनच्या आधीच घसा बसतो की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

ह्यांनी त्यांना जवाचा गरम चहा दिला. "घरी कुणाशी तरी हळू बोलत असाल ना?"

"घरी आहे कोण?"

ह्यांनी किटली खाली ठेवली. मशीन मात्र चालूच होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी माझं शिलाईचं मशीन बंद ठेवायचं असतं, त्यामुळे मी बाहेर गेलेय असं मावशींना वाटलं असावं. माईकला बिलगून त्या म्हणाल्या, "एक सांगू का, भाऊ? तुमच्या आई सुनेच्या किमचीचं कौतुक करत फिरतात ना? ती सुनेची नाहीच मुळी. तीन वर्षं माझ्या बहिणीच्या दुकानातून नेतेय."

माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. रागही धड येईना, कारण खरं होतं.

"हा. हाच आवाज," हे म्हणाले. "आता याच आवाजात सांगा, अंडी आली."

"अंडी आली," मावशी कुजबुजल्या. "ताजी ताजी अंडी आली. आणि कुणाला सांगू नका हं."

काटा लाल पट्टीच्या चार बोटं अलीकडे डुलत राहिला.

ह्यांनी आधीची चुगली काढून टाकली, पण शेवटच्या वाक्याला हात लावेनात. म्हणे, इतकं स्वच्छ या खोलीत आजवर काही भरलं नाही. मावशी गेल्यावर मी पडदा बाजूला सारला. "काय काय ऐकलंत?"

"मी काटा बघतो," हे म्हणाले. "शब्द कोण ऐकतं?"

वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका कधीच आवडला नव्हता.

ऑपरेशननंतर मावशींचा टेम्पो आमच्या गल्लीत आला. भोंग्यातून आवाज आला, "अंडी आली. ताजी ताजी अंडी आली. आणि कुणाला सांगू नका हं." पटापट खिडक्या उघडल्या. बायका चपला सरकवत खाली आल्या, काय सांगायचं नाही ते विचारायला, आणि आल्याच आहोत तर म्हणून ट्रे घेऊन गेल्या. दुपारपर्यंत टेम्पो रिकामा व्हायला आला. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझ्या सासूबाई तेव्हा कोटाची बटणं लावून घ्यायला आल्या होत्या. त्याही बाहेर गेल्या. "काय गं पिल-नाम, काय सांगायचं नाही?"

मावशींच्या गळ्याला रुमाल बांधलेला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांगायची केवढी हौस होती ती चेहऱ्यावर दिसत होती. पण डॉक्टरांची ताकीद होती. त्यांनी नुसती दोन बोटं वर केली. दोन महिने.

सासूबाईंना वाटलं, दोन ट्रे. त्यांनी दोन ट्रे घेतले.

मी दिवस मोजले. मावशींचं तोंड डिसेंबरात उघडणार. नोव्हेंबर संपायच्या आत मी किमचीसाठी कोबीचे वीस गड्डे घरी आणले. ह्यांनी काही विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी बसून मीठ चोळायला लागले.