मासेवाली आणि सोयाच्या वड्या

मिरकरवाड्याहून दारावर मासे घेऊन येणारी मावशी हल्ली पाटी उतरवण्याआधीच भांडते. डॉक्टरांनी मला सोयाबीनच्या वड्या खायला सांगितल्यापासून मी मासे निम्मेच घेते, त्याचा राग.

"त्या भुशात ताकद असती तर आमची माणसं समुद्रात कशाला गेली असती, वहिनी?"

मला पटतं. संध्याकाळी वड्या भिजत घालताना डॉक्टरांचंही पटतं. खरं कोणाचं, काही कळत नाही.

परवा पाटी डोक्यावर चढवायला मी हात लावला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "गुडघ्याला चालतात काय त्या?" मी डबाभर दिल्या.

आज तणतणतच आली. "काय फरक नाय. सगळं थोतांड." मग माझ्या वाट्यावर एक बांगडा जास्तीचा ठेवून तिने रिकामा डबा पुढे केला.