खताच्या पोत्याची पिशवी

लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. लेक परदेशात असली म्हणून काय झालं? शाळेतून मी निवृत्त झालेच होते, व्हिसाही आला, म्हटलं चांगले दोन-तीन महिने राहून येते. डिंकाचे लाडू वळले, अळीव घेतले, बाळाच्या धुरीसाठी ओवा आणि बाळंतशेपा बांधून घेतल्या. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यात वळसंगहून वहिनी आली. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून शेत तीच बघते. तिनं भाचीसाठी घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, आणि आणल्या होत्या त्याही आमच्याकडं घरोघरी असते तसल्या पिशवीत. खताचं रिकामं पोतं धुवायचं, वाळवायचं, कापून शिवायचं आणि जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावायचे. मेली वर्षानुवर्षं फाटत नाही. मी ती तशीच उचलून बॅगेत घातली.

मुंबईच्या विमानतळावर कुणी हात लावला नाही. तिकडं उतरले तर एका बाईनं सामानावरून कागदाची पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली आणि मशीन कोकलायला लागलं. पुन्हा पट्टी फिरवली, पुन्हा तेच. मला एका खोलीत नेऊन बसवलं आणि हिंदी बोलणारा एक माणूस फोनवर दिला. त्यानं विचारलं, या पिशवीत आधी काय होतं? जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलेली मी. म्हटलं, खत होतं. झालं! मग कुठलं खत, कुणाचं शेत, पिशवी शिवली कुणी, का शिवली. का शिवली याला काय उत्तर देणार, कपाळ? चांगलं पोतं कुणी फेकून देतं का?

काही खतांत असतं तेच बाँबमध्येही घालतात, हे मला नंतर कळलं. मग तपासा की. मी कुठं नको म्हणते? शेंगा फोडा, लाडू फोडा, मलाही फोडून बघा. त्यांनी सगळं उसकटून बघितलं, काही म्हणजे काही निघालं नाही, आणि तरीही व्हिसा रद्द करून मला परतीच्या विमानात बसवलं. लेक बाहेर एवढं मोठं पोट घेऊन उभी होती. तिला लांबूनसुद्धा बघू दिलं नाही. लाडू कचऱ्यात गेले. पुढं ती कुठल्याशा अनोळखी नर्सचा हात धरून बाळंत झाली. जावई होते, पण त्यांना रक्त बघवत नाही. मुलगी झाली. आता निदान नातीच्या बारशाला तरी पोचू, म्हणून मी पुन्हा व्हिसाला अर्ज केला.

पण हे व्हायच्या आधीच, मी सोलापुरात परत येऊन बसते न बसते तोच पोलिसांच्या गोपनीय शाखेतला एक हवालदार दारात हजर. माणूस सज्जन होता. चप्पल बाहेर काढून आत आला, मला ‘बाई’ म्हणाला, चहा घेतला. विमानतळावरची माहिती त्या देशानं आपल्या सरकारला कळवली होती आणि चौकशीचा हुकूम वरून त्याच्यापर्यंत आला होता. मी विचारलं, इतक्या लवकर? तर तो कौतुकानं म्हणाला, “मित्र देश हाय की, बाई. आता असलं काय आसंल तर लगेच कळवत्यात.”

मग त्यानं प्रश्न सुरू केले. घरात कोण कोण, शेत किती, खत कुठून आणता. सगळं झाल्यावर जरा चाचरतच त्यानं विचारलं, घरातल्या कुणाचा कधी कुठल्या बाँबस्फोटाशी काही संबंध आला होता का.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आला होता,” मी म्हणाले. “माझा भाऊ त्यात मेला.”

विहिरीच्या मोटारीचा एक भाग इकडं मिळेना म्हणून तो परगावी मोठ्या बाजारात गेला होता. संध्याकाळी तिथं स्फोट झाला. आम्हाला तो ओळखावा लागला तो कमरेच्या करदोट्यावरून. आणि पुढं काय उघडकीला आलं? असं काहीतरी होणार, ही माहिती एका मित्र देशानं आपल्याला आधीच दिली होती! ती या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिली. हा म्हणाला तो बघेल, तो म्हणाला हा बघेल, आणि त्या बाजारात कुणी साधा पोलीससुद्धा उभा केला नाही. वहिनी तेव्हा तिशीचीही नव्हती. तेव्हा कुठं गेली होती रे तुमची मैत्री? माझा भाऊ वाचवायचा होता तर माहितीचे पाय मोडले होते, आणि बाळंतिणीच्या शेंगा अडवायच्या होत्या तर तिला पंख फुटले. हे सगळं मी त्या हवालदाराला तोंडावर सुनावलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, पण माझ्यासमोर तोच बसला होता. भाऊ स्फोटात मेला, हे मी त्याला माझ्यादेखत लिहायला लावलं आणि वाचूनही घेतलं. संशय घेण्यासारखं काही नाही, असंही त्यानं खाली लिहिलं. मला वाटलं, चला, आता हेही तितक्याच वेगानं तिकडं पोचेल.

कसलं काय! बारशासाठीचा व्हिसाही नाकारला. बारसं माझ्याशिवाय झालं.

परवा वहिनी वळसंगहून आली ती नातीला बघायला म्हणून. मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. बाळ आत झोपलं होतं. लेकीचा चेहरा उतरलेला होता. वहिनी माझ्या शेजारीच, पण जरा बाजूला बसलेली. ती लेकीला दिसत नव्हती, आणि मी सांगेपर्यंत लेकीनं बोलायला सुरुवातही केली. तिचे आणि जावयांचे तिकडं कायमचं राहायचे कागद अडले होते. दोघांना कचेरीत बोलावून विचारलं होतं, तुमच्या कुटुंबातल्या एकाचा बाँबस्फोटाशी संबंध आहे, तो काय? म्हणजे आमचं उत्तर पोचलं होतं, पण अर्धंच. संबंध होता एवढं गेलं. मेला, हे वाटेत कुठंतरी गळलं. ते कुणी गाळलं, हे मी कुणाला विचारायचं? कुठल्या दारात जायचं?

“आई, कशाला सांगितलंस गं मामाचं?” लेक म्हणाली.

“मग काय सांगायचं होतं? मला भाऊच नव्हता म्हणून?”

ती हळूच म्हणाली, “हो. तसंच सांगायचं होतं.”

मी फोन बंद केला. ज्या मामानं तिला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा दाखवली, त्याला ही पोरगी पुसून टाकायला निघाली होती, आणि तीही भीतीपोटी. ही भीती तिच्यात घालणाऱ्यांचं तळपट होवो, असं माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनीकडं बघायची माझी हिंमत होईना. तिनं सगळं ऐकलं होतं. पदरानं तिनं मोबाईलची काच पुसली आणि माझ्यापुढं सरकवली.

“पोरीला काय बोलू नगा, आक्का,” ती म्हणाली. “मला भाऊजय म्हनून बी सांगू नगा कुनाला. पर परत लावा फोन. बाळाचं तोंड बगायचं ऱ्हायलं.”