बायडीचे गुण

बायडी मला पहिल्यांदा भेटली ती नापास झालेली बाई म्हणून. शंभरपैकी एकतीस.

साल चौऱ्याऐंशी. माझे पती तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहायला. मी सोलापूरकडची, आहारशास्त्र शिकलेली. मुंबईच्या एका संस्थेने या भागातल्या चारशे माणसांच्या खाण्यापिण्याची पाहणी काढली, तेव्हा तपासनीस म्हणून मला घेतलं. वसाहत, सालवडच्या कामगारांच्या खोल्या आणि वाणगावच्या पूर्वेचे डोंगरपाडे अशा तिन्ही ठिकाणी एकच छापील तक्ता भरायचा होता. काल दिवसभरात दूध किती, अंडी-मटण किती, डाळ, फळं, तेल-तूप किती, एवढं विचारायचं आणि गुण द्यायचे. चांगल्या आहाराचं माप म्हणून तो तक्ता शहरात बरीच वर्षं वापरात होता.

बायडी साठीच्या आसपासची, अंगाने काटक, तिच्या पाड्यात सगळ्यात वयस्क. काल काय खाल्लं म्हणून विचारलं तर नागलीची भाकर, मिरचीचं वाटण आणि थोडी सुकट, एवढंच तिने सांगितलं. दूध चहालासुद्धा नाही. तिचा मुलगा गोमा बोईसरच्या एका कारखान्यात होता आणि सालवडला खोली घेऊन राहायचा. त्याला शेचाळीस गुण पडले, कारण चहात दूध होतं आणि हप्त्यातून दोनदा अंडी. मी माझाही तक्ता भरून पाहिला. अठ्ठ्याहत्तर. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

पाहणीत सगळ्यांचं रक्तही तपासलं, माझंसुद्धा, आणि घोळ झाला तो तिथे. आमचे प्रमुख डॉक्टर स्वभावाने शंकेखोर. एकतीस गुणांच्या बाईचं रक्त अठ्ठ्याहत्तर गुणांच्या बाईपेक्षा चांगलं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी तपासणी पुन्हा करवली, आकडा तोच आला. माझं काहीतरी लिहायचं राहिलं असणार असं त्यांचं म्हणणं पडलं आणि त्यांनी मला परत पाड्यावर धाडलं.

फाट्यावर एसटीतून उतरून दीड तास चालत गेले. बायडी अंगणात वाल निवडत बसली होती. मी पुन्हा तेच विचारू लागल्यावर ती हसली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची, साहेब असो की तपासनीस.

"तू कालचं इचारतेस, बाय," ती म्हणाली. "काल म्हंजे वरीस नाय. वरीसभर ये, मंग लिव."

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरा तक्ता आखायला घेतला. त्यात प्रमाणाऐवजी वर्षभरात ताटात किती वेगवेगळे पदार्थ येतात ते मोजायचं, शिवाय चालणं, कष्ट, झोप, तंबाखू यांचेही गुण. चारशे माणसं आम्ही तपासनीसांनी वाटून घेतली आणि मी महिन्यातून दोनदा बायडीकडे जाऊ लागले.

त्या वर्षात मी जे पाहिलं त्याने माझं शिक्षण पार उलटंपालटं झालं. आषाढात ती शेवळं ही रानभाजी घेऊन आली. ती घशाला खाजतात म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची, हे तिने मला हात धरून शिकवलं. टाकळा कुठवर कोवळा असतो, लोतीची कोवळी पानं कधी खुडायची, बांबूचा कोंब किती वीत झाला की काढायचा नाही, सगळं तिला ठाऊक. ओढ्यातली किरवी म्हणजे खेकडे, शेतातले मासे, कंटोली, करांदे, अळंबीच्या जाती. यातल्या दोन जातींकडे ती बोटही दाखवत नसे, नुसती मान फिरवायची. चैत्रात मोहाची फुलं. ताडीला खाणं म्हणायचं की व्यसन, यावर डॉक्टरांचा आणि माझा दोन दिवस वाद चालला. बिडीचे पाच गुण मात्र कापले.

वर्षअखेर बेरीज केली. बायडीच्या नावाने मी ठेवलेल्या वहीत त्र्याण्णव पदार्थ होते. माझ्या स्वतःच्या घरचे भरले सत्तावीस. नव्या तक्त्यात तिला शहाऐंशी गुण, चारशे माणसांत सगळ्यांच्या वर. मला चव्वेचाळीस, गोमाला एकोणचाळीस. दोन्ही तक्ते मी शेजारी शेजारी ठेवले. माणसं तीच होती, ताटंही तीच, आणि तिघांतली शेवटची बाई पहिली आली होती.

डॉक्टर म्हणाले, या बाईला एकदा भेटलंच पाहिजे. मे महिन्यात ते माझ्याबरोबर पाड्यावर आले. बायडी आम्हाला डोंगराच्या उतारावर घेऊन गेली आणि पहारीने हातभर खोल खणून तिने कडू कंद काढला. सोलून चकत्या केल्या. डॉक्टरांनी एक चकती सहज तोंडाकडे नेली, तोच बायडीने त्यांचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट की डॉक्टर दचकले.

कच्चा कंद विषारी असतो, तिने सांगितलं. राखेच्या पाण्यात उकडायचा, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दोन दिवस ठेवायचा, तेव्हा विष उतरतं. मग खाली बसून, कंद हातात तसाच ठेवून, तिने बहात्तर सालची गोष्ट सांगितली. पाऊस मोडला होता, भात लोंबी बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच वाळलं. पाड्यातली अकरा घरं चाळीस दिवस या कंदावर जगली. कंद कुठे मिळतो हे तिच्या सासूने तिला दाखवून ठेवलं होतं, म्हणून खणायला पुढे तीच असायची. तिची सहा वर्षांची सोमी भुकेली होती. टोपली ओढ्यात ठेवून पहिलाच दिवस होता. पोरीने आईची पाठ वळलेली पाहून मूठभर चकत्या खाल्ल्या.

"सांजपोतर गेली," बायडी म्हणाली. "मंग मी दोन-दोन दिस ओढ्याशीच बसाय लागली. दुसरं पोर नाय जाऊ दिलं."

अकरा घरांतलं दुसरं एकही माणूस त्या साली दगावलं नाही. गोमा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

डॉक्टरांनी पिशवीतून दोन्ही तक्ते काढले. पहिल्या तक्त्यात कंदाला रकानाच नव्हता. दुसऱ्यात होता, एक पदार्थ म्हणून, एक गुण. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी बायडीला म्हटलं, मावशी, नव्या हिशेबात तुमचा पहिला नंबर आलाय, शहाऐंशी गुण. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "नी उपाशी दिसांचं किती लिवलं?"

आम्ही ते लिहिलंच नव्हतं. वर्षभर जाऊनही नाही. भादव्यात कणगी रिकामी होते, भात कापणीला यायचं असतं, तेव्हा पाड्यातल्या चुली दिवसातून एकदाच पेटतात. मी त्या दिवसांत तिच्या घरी गेले होते आणि भाज्यांची नावं उतरवत बसले होते.

डॉक्टरांनी तिथेच, मोहाच्या झाडाखाली, तिसरा तक्ता आखला, त्यात उपाशी दिवसांचा रकाना घातला. बायडीने बोटांच्या पेरांवर मोजून गेल्या पावसाळ्यातले एकवेळ जेवणाचे अडतीस दिवस सांगितले. गुण शहाऐंशीवरून त्रेसष्टवर आले. मी तिला आकडा सांगितला.

"आता खरं लिवलंस," ती म्हणाली आणि कंद टोपलीत भरू लागली.

अहवालात तिन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले गेले. त्याचा परिणाम म्हणा किंवा योगायोग, पुढची दोन वर्षं त्या बाजूच्या रेशनचं धान्य श्रावणातच पोचलं. तिसऱ्या वर्षापासून पुन्हा उशीर होऊ लागला. डॉक्टर त्यावर वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले.

बायडी त्र्याण्णव साली गेली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी गेले होते तेव्हा ती डोंगरावर नव्हती, घरी होती, डोळे अधू झालेले. सालवडहून आलेली गोमाची बायको डोंगरावरून खुडून आणलेल्या रानभाज्यांचा ढीग दारात ओतून शिकायला बसली होती. बायडी एकेक पान हाताने चाचपत होती, नाकाशी नेत होती आणि नाव सांगत होती. मी शेजारी बसून मोजू लागले. एकोणीस पानं झाली. एकही चुकलं नाही.