भिंगकाकांनी ठरवलेलं सरबत

भिंगकाकांना कुणी सांगितलं की उजाडलं, तर ते आधी खिडकीबाहेर डोकावून खात्री करून घेतील. माणूस वाईट नव्हे हो, पण संशय अंगात मुरलेला. त्यात त्यांचा तरी काय दोष? शीतपेयांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पांढऱ्या उजेडासमोर स्टुलावर बसायचं, पुढून सरकणाऱ्या भरलेल्या बाटल्यांकडे टक लावून बघायचं, आणि केस, काडी, माशीचा पाय दिसला की बाटली उचलून बाजूला ठेवायची. नजर अशी तिखट, की सोबतच्या कामगारांनी त्यांचं नावच भिंग पाडलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, बायको त्याच्याही आधी गेली, पण सवय काही गेली नाही. दूधवाला, शेजारी, डॉक्टर, हवामानाचा अंदाज, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

अशा माणसाला लेकीचा फोन आला. "बाबा, बाळाच्या स्वागताचा छोटासा कार्यक्रम करतोय. चाळीसेक माणसं असतील. खाण्याचं आम्ही बघतो, पिण्याचं काय ते तुम्ही ठरवा."

लेक एकुलती एक, आठवा महिना लागलेला. काका हरखले. पण फोन ठेवल्या ठेवल्या मनात आलंच, आपल्यालाच का सांगितलं? असो. त्यांनी तीन दिवस घरात नुसता धुमाकूळ घातला. हे सरबत कर, ते चाखून बघ, तोंड वाकडं कर, ओतून दे. शेवटी कागदावर उतरवलं ते असं: संत्र्याचं सरबत, द्राक्षाचा रस, आल्याचा गोड सोडा, वर चहा आणि कॉफी. संत्र्याचं सरबत पहिलं, कारण लेक लहानपणी त्याच्यासाठी जीव टाकायची.

जावई शाळेत गणित शिकवायचा. गरीब स्वभावाचा पोरगा, उगाच कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने कागद वाचला, मान खाजवली आणि म्हणाला, "बाबा, गोड जरा कमी करूया का? साधा सोडा, मिठाचं लिंबूपाणी, बिनसाखरेचा चहा. साखर वेगळी ठेवू. आई म्हणत होती..."

झालं! त्यापुढचं काकांनी ऐकलंच नाही. आई म्हणत होती! म्हणजे विहीणबाई. आपण ठरवायचं आणि त्यांनी खोडायचं? आणि माझ्या लेकीच्या कार्यक्रमात लोकांनी आजाऱ्यासारखं मिठाचं पाणी प्यायचं? जावई गेल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. ती 'हो, हो, तो म्हणतोय तसंच करूया बाबा' म्हणाली, आणि तिच्या मागून विहीणबाईंचा आवाज आला, "आधी खाऊन घे गं, वेळ टळतेय. मग बोल."

फोनवर बोलायचीसुद्धा चोरी! काकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते पेले मोजायच्या निमित्ताने लेकीच्या घरी जाऊन थडकले. फ्रिजवर चुंबकाने एक वही अडकवली होती. पाणी घेण्याच्या मिषाने त्यांनी ती उघडली. विहीणबाईंचं गोल गोल अक्षर. 'सकाळी आठ, एक पोळी, एक अंडं. अकरा वाजता अर्धं सफरचंद.' पानंच्या पानं तशीच. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घास मोजतात हे लोक माझ्या पोरीचे! दोन जिवांची बाई, आणि तिला अर्धं सफरचंद? अर्धं?

ते तिथे अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, पण हा माणूस पुरावा जमवणाऱ्यांतला. लेकीचा चेहरा त्यांना उतरलेला दिसला, मनगटं बारीक वाटली. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. कार्यक्रमात यांचं मिठाचं पाणी खुशाल ठेवू दे. आपल्या लेकीला आपण आपल्या हाताने पाजायचं.

कार्यक्रमाच्या दुपारी घर माणसांनी भरलं. विहीणबाई पेले भरत होत्या आणि पाहुणे लिंबूपाण्याला नावाजत होते, त्याचाही काकांना राग आला. संधी साधून त्यांनी लेकीला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि पिशवीतून थर्मास काढला. संत्र्याचं सरबत, नेहमीपेक्षा दोन चमचे साखर जास्त.

"पी पटकन. कुणी यायच्या आत."

लेकीने पेला हातात घेतला. तिचे डोळे भरून आले.

"बघ, बघ! मला ठाऊक होतं," काका कुजबुजले. "पोटभर देत नाहीत ना तुला? मी वही बघितलीय."

लेक बेसिनपाशी गेली आणि तिने पेला शांतपणे ओतून दिला.

"बाबा, मला साखर निघालीय. सहाव्या महिन्यात. ती वही डॉक्टरांना दाखवायला आहे."

काका भिंतीला टेकले, पण जीभ कुठली गप्प बसतेय? "मग मला का नाही सांगितलं? कुणी सांगू नको म्हटलं? तिनेच ना?"

"मीच लपवलं. आईला साखर निघाली तेव्हा तुम्ही आईकडच्या आजीवर आळ घेतलात, की तिने लग्नाआधी लपवून ठेवलं. आजी दारात उभी राहून रडली, तरी तुम्ही तिला घरात घेतलं नाहीत. परत कधीच आली नाही ती. मी सात वर्षांची होते, बाबा." तिने नाक पुसलं. "आई तर नाहीच. माझ्या बाळाला ही एकच आजी आहे. ती मला हवीय."

काकांना म्हणायचं होतं, अगं, ते वेगळं होतं. शब्द ओठांवर आले, पण त्यांना स्वतःलाच ते खरे वाटेनात.

तेवढ्यात दार ढकलून विहीणबाई आत आल्या. हातात साखर तपासायचं छोटं यंत्र. ओट्यावरच्या थर्मासकडे त्यांची नजर गेली, मग त्या लेकीकडे वळल्या. "चल गं, खाऊन दोन तास झाले. बोट दे." सुई टोचली, लेकीने 'आई गं' केलं, विहीणबाईंनी तिच्या बोटावर फुंकर घातली.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "छान आहे."

काकांचा हात आपोआप पुढे गेला, आकडा आपल्या डोळ्यांनी बघायला. लेक त्यांच्याकडेच बघत होती.

त्यांनी हात मागे घेतला.

"एकशे बारा ना?" ते विहीणबाईंना म्हणाले. "मग चांगलंच आहे."