पांढरी झाकणं

काल कपाटातल्या रिकाम्या काचेच्या बरण्या आवरताना एका टिनाच्या झाकणाला गंजाचा वास आला आणि अकोल्यातल्या भाड्याच्या घरातला एक उन्हाळा आठवला. आई नुकतीच गेली होती. तिनं कुटून ठेवलेल्या मसाल्याचं शेवटचं लोणचं मी कॉफीच्या चार रिकाम्या बरण्यांत भरलं, वर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि निश्चिंत झाले. महिन्याभरानं शेजारच्या काकूंनी एक बरणी उचलून पाहिली. "अवं, लोणच्याले टिनाचं झाकण लावते काय कोनी? मिठानं गंजून राहिलं ना! दोन दिसात सारा गंज आत पडला असता." मी रडकुंडीला आले. काकू तशाच घरी गेल्या आणि प्लास्टिकची चार पांढरी झाकणं घेऊन आल्या. ती माझ्या बरण्यांवर घट्ट बसली. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर ओट्यावर साखर, चहापत्ती, रवा, डाळ, साऱ्या बरण्या बिनझाकणाच्या, वर वाट्या पालथ्या घातलेल्या. मी ओशाळले. "साखरेले मुंग्या लागतीन, तं दुसरी आनू," काकू म्हणाल्या, "तुह्या मायच्या हातचा मसाला कुठून आनशीन?" ते लोणचं आम्ही दोन वर्षं पुरवून खाल्लं. आता अमरावतीत सामानाच्या यादीत झाकणं लिहिताना मी लागतात त्याहून चार जास्त लिहिते. शेजारी कुणाला तरी लागतातच.